रॉकेट टीमसाठी पैसे उभे करताना: अंदाजपत्रकापासून हिशेबाच्या वहीपर्यंत

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांपैकी अडीच वर्षं मी आमच्या कॉलेजच्या रॉकेट टीमचा खजिनदार होतो. नोझलचं गणित मला आजही धड येत नाही, पण रॉकेटचा कुठला नट कुणाच्या पैशातून आला हे झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. दर वर्षी ज्युनिअर्सचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, स्पॉन्सर कुठून मिळतील?" मी उलट विचारतो, तुम्हाला पैसे कशासाठी हवेत ते ओळीने लिहिलंय का? कारण देणाऱ्याच्या प्रत्येक रुपयाला अटी चिकटलेल्या असतात. कुठला रुपया कुठे खर्चता येतो हे न बघता मागायला गेलात, तर एक तर नकार मिळतो, नाहीतर मिळालेले पैसे वापरताच येत नाहीत. आमचं दोन्ही झालंय.

खर्च आधी फोडून ठेवा

उदाहरण म्हणून 'आयरेक' ही अमेरिकेतली विद्यार्थ्यांची रॉकेट स्पर्धा घेऊ. २०२४ पर्यंत ती न्यू मेक्सिकोत 'स्पेसपोर्ट अमेरिका कप' या नावाने व्हायची, २०२५ पासून टेक्सासमधल्या मिडलंडला जून महिन्यात होते. रॉकेट १०,००० किंवा ३०,००० फुटांवर न्यायचं आणि पॅराशूटने धड परत आणायचं, असं साधारण स्वरूप. आमचं अंदाजपत्रक २६ लाखांच्या आसपास होतं. त्यात रॉकेट आणि चाचण्या मिळून पाच लाख. अमेरिकेत विकत घ्यायची मोटर (रॉकेटला वर ढकलणारं, इंधन भरलेलं इंजिन), प्रवेश शुल्क आणि तिथला किरकोळ खर्च अडीच लाख. उरलेल्यात थोडी राखीव रक्कम आणि आठ जणांचा प्रवास, व्हिसा, राहणं, विमा, भाड्याची गाडी. तुमचे आकडे वेगळे येतील, प्रमाण फारसं बदलणार नाही.

म्हणजे सगळ्यांच्या माहितीपत्रकावर फोटो रॉकेटचा असतो आणि खड्डा असतो तो विमानाच्या तिकिटांचा. एकदा हे कागदावर दिसलं की मागणीची दिशाच बदलते.

आम्ही दुसऱ्या वर्षी एका एक्सेल शीटमध्ये चार ढीग केले. इथे बनवून घ्यायच्या गोष्टी, इथे रोखीने विकत घ्यायच्या गोष्टी, डॉलरमध्ये द्यायच्या गोष्टी आणि माणसांचा प्रवास. प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने: हे पैसे कुठल्या तारखेपर्यंत लागतील आणि कुठल्या प्रकारचा देणारा हे देऊ शकतो. व्हिसाच्या अर्जाचं शुल्कच माणशी १८५ डॉलर, तेही परत न मिळणारं, आणि मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागतो म्हणून ते सगळ्यात आधी भरावं लागतं. त्या सुमाराला तुमच्याकडे दाखवायला रॉकेटही नसतं. ही गोष्ट तारखांच्या रकान्यामुळेच कळते.

नवीन टीम असेल तर माझं स्पष्ट मत, पहिल्या वर्षी अमेरिकेचं नाव काढू नका. इन-स्पेस या केंद्र सरकारच्या अंतराळ संस्थेची मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅटची (डब्याएवढ्या छोट्या उपग्रहाची) स्पर्धा आपल्याकडेच होते. २०२५ मध्ये ती उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात झाली. रेल्वेच्या तिकिटात काम होतं, आणि एकदा उडवून परत आणलेलं रॉकेट टेबलावर ठेवलं की पुढच्या वर्षी समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून ऐकतो.

टीमला बँक खातं नसतं

आमच्या पहिल्या मोठ्या स्पॉन्सरने दीड लाखाचा चेक दिला. आम्ही फोटो काढले, इन्स्टाग्रामवर टाकले, पेढे वाटले. चेक टीमच्या नावाने होता. त्या नावाचं जगात कुठेही खातं नव्हतं. बदलून घ्यायला गेलो तर सही करणारे मॅनेजर दुसऱ्या शहरात बदलून गेलेले, नव्यांना आमचं नावही माहीत नाही. चेक तीन महिनेच चालतो. आमचा चौथ्या महिन्यात कागद झाला. तो अजून टीमच्या कपाटावर चिकटवलेला आहे.

म्हणून कुणाकडेही जाण्याआधी कॉलेजच्या अकाउंट्स विभागात जाऊन बसा. सकाळी अकराच्या सुमाराला जा, फी भरायची गर्दी नसेल असा दिवस बघा, आणि एवढं विचारून घ्या:

- चेक किंवा एनईएफटी नक्की कुठल्या नावाने घ्यायची? (बहुधा संस्थेच्या ट्रस्टच्या नावाने.)
- संस्थेकडे ८०जी (देणाऱ्याला करात वजावट) आणि १२एची (संस्थेला करमाफी) नोंदणी आहे का? प्रमाणपत्राची प्रत मिळेल का?
- सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला नोंदणी क्रमांक आहे का? (सीएसआर म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा निधी.)
- जमा झालेले पैसे टीमच्या स्वतंत्र शीर्षाखाली दिसतील का, आणि काढायला किती सह्या लागतात?
- बिल आधी द्यायचं की ॲडव्हान्स मिळतो?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आमच्याकडे पैसे जमा होऊन सुटायला पाच-सहा आठवडे लागत. तेवढे दिवस कुणीतरी मुलगा स्वतःच्या खिशातून ॲल्युमिनिअमचे रॉड आणत होता. हे टाळायचं असेल तर प्राचार्यांच्या सहीने छोटी कायमस्वरूपी आगाऊ रक्कम मंजूर करून घ्या. आम्हाला दहा हजार मिळाले होते आणि तेवढ्याने जीव भांड्यात पडला.

पैसे कुणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नका. चोरीची शंका येते म्हणूनच फक्त सांगत नाही. लोकांकडून जाहीर वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं दर वर्षी घेतात तीच. तुम्ही कॉलेजच्या ट्रस्टच्या पावतीवर पैसे घेत असाल तर हा प्रश्न संस्थेच्या छत्रीखाली सुटतो.

आधी वस्तू मागा

रोख पैसे मागितले की समोरच्याला वरिष्ठांची परवानगी लागते. मशीनचे चार तास मागितले तर मालक जागेवर हो म्हणू शकतो. पुण्यातल्या टीमला याबाबतीत देवाची कृपा आहे. भोसरी, चिंचवड, चाकण भागात हवं ते बनवून देणारी वर्कशॉप्स आहेत.

भोसरी पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. आम्ही पहिल्यांदा सोमवारी गेलो आणि गेटवरूनच परत आलो. मग एका सिनिअरने सांगितलं, गुरुवारी जा, मशीन बंद असतात आणि मालक एकटा बिलं लिहीत बसलेला असतो. तसंच होतं. मालक काका चष्मा कपाळावर सरकवून आमचं ड्रॉइंग बघत होते. टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल तो आकडा, त्यांना खटकला.

"हा टॉलरन्स कुणी टाकला?"

"मी, काका."

"वीस मायक्रॉन? कशाला हवाय? जेट इंजिन करताय का?"

मी गप्प. त्यांनी पेन घेऊन तीन ठिकाणी आकडे बदलले. "हे असं ठेव. निम्म्या वेळात होईल. मटेरियल तुम्ही आणायचं, ६०६१ ॲल्युमिनिअम आणा, भंगारातलं नको. पुढच्या गुरुवारी पोरगा येईल व्हीएमसी मशीन चालवायला, त्याचा चहा-नाश्ता तुमच्याकडे."

बाहेरून जॉबवर्क करून घेतलं असतं तर पंचेचाळीस हजार गेले असते. रोख मागितली असती तर त्यांनी पाच हजार देऊन बोळवण केली असती. वर ड्रॉइंगही सुधारलं, ते वेगळंच.

याच धर्तीवर आणखी काय मागता येतं? कॉम्पोझिटचं काम करणाऱ्या कंपन्यांकडे मुदत संपलेलं प्रीप्रेग (आधीच रेझिन भरलेलं कापड) असतं. फ्रीझरमध्ये ठेवलेलं ते कापड ठरलेल्या तारखेनंतर विमानाच्या भागांना वापरता येत नाही, पण तुमच्या सरावाच्या ट्यूबला चालतं. खरेदी विभागाला पत्र लिहू नका, स्टोअर्सच्या माणसाला भेटा. टाकून द्यायच्या मालाचा हिशेब त्याच्याकडे असतो. कामशेतला पॅराग्लायडिंगच्या शाळा आहेत. त्यांच्या निकामी झालेल्या छत्रीचं कापड मिळालं तर पॅराशूट शिवण्याचा सराव त्यावर होतो. खऱ्या उड्डाणाला मात्र ते वापरू नका, उन्हाने आणि वापराने कापडातून हवा झिरपायला लागलेली असते. सॉफ्टवेअरवर तर एक पैसाही खर्च व्हायचं कारण नाही. रॉकेटच्या उड्डाणाचं गणित करणारं ओपनरॉकेट मोफत आहे, आणि ॲन्सिस, सॉलिडवर्क्ससारखी डिझाइनची सॉफ्टवेअर्स बनवणाऱ्या कंपन्या विद्यार्थी टीमना मदत करतात. कॉलेजच्या ईमेलवरून अर्ज करायचा.

मिळालेल्या प्रत्येक वस्तूची बाजारभावाने किंमत काढून वहीत लिहा. "आम्ही तीन लाख ऐंशी हजारांचं काम आधीच उभं केलंय, उरलेल्या एक लाख वीस हजारांसाठी आलोय" हे वाक्य मोठ्या कंपनीत फार उपयोगी पडतं.

मोठी कंपनी: एका दारावर सीएसआर, दुसऱ्यावर मार्केटिंग

इथे बहुतेक टीम घोळ घालतात. पत्रात एकाच दमात लिहितात, "आपल्या सीएसआर निधीतून मदत करावी, रॉकेटवर आपला लोगो ठळकपणे लावू आणि अमेरिकेत आपल्या कंपनीची जाहिरात होईल." ज्याने नियम वाचलेत त्याने हे पत्र दुसऱ्या ओळीला बाजूला ठेवलेलं असतं.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. पण मालाच्या किंवा सेवेच्या प्रसिद्धीसाठी दिलेलं प्रायोजकत्व त्यात धरत नाहीत. आणि भारताबाहेर केलेला खर्चही धरत नाहीत. देशाचं किंवा राज्याचं प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाला तेवढी सवलत आहे. रॉकेट हा खेळ नव्हे. म्हणजे मिडलंडची तिकिटं सीएसआरमधून निघत नाहीत, मॅनेजर कितीही भला असला तरी.

मग सीएसआरकडे काय मागायचं? शिक्षणाशी संबंधित, इथे घडणारं, इथेच राहणारं काहीतरी. चाचणीसाठी लागणारा टेस्ट स्टँड, प्रयोगशाळेतली मोजमापाची उपकरणं, जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये पाण्याच्या रॉकेटची कार्यशाळा. आम्ही मावळातल्या शाळांमध्ये अशा कार्यशाळा घेतल्या. बाटली, सायकलचा पंप आणि रबरी बूच एवढ्यावर पोरं वेडी होतात. कंपनीला तिच्या अहवालात लिहिण्याजोगं काहीतरी मिळतं, आणि मोजमापं नोंदवणारा डेटा लॉगर वर्षभर टीमच्या प्रयोगशाळेत राहतो. यात फसवणूक नको, कार्यशाळा खरोखर घ्या. सीएसआरचे लोक येऊन बघतात.

पैसे थेट टीमला येत नाहीत, नोंदणीकृत संस्थेला जातात. मघाचा सीएसआर-१ चा प्रश्न इथे कामाला येतो. वेळेचं म्हणाल तर वर्षाचं नियोजन एप्रिल ते जूनमध्ये होतं, तेव्हा प्रस्ताव आत असला पाहिजे. जानेवारीनंतर एक छोटी खिडकी उघडते, कारण खर्च व्हायच्या राहिलेल्या रकमेची कंपनीला काळजी लागलेली असते. त्या खिडकीतून आत जायचं तर कागद तयार हवेत. "प्राचार्यांची सही सोमवारी मिळेल" म्हणालात की संपलं.

दुसरं दार मार्केटिंगचं. तिथे लोगो, टी-शर्ट, व्हिडिओ, कॉलेजच्या प्लेसमेंटच्या दिवशी बॅनर, सगळं चालतं, आणि ते पैसे प्रवासालाही वापरता येतात. फक्त ही सेवा होते, देणगी राहत नाही, आणि प्रायोजकत्वावर १८ टक्के जीएसटीचा प्रश्न येतो. तो कुणी भरायचा हे कॉलेजच्या सीएला विचारून पत्रातच लिहा. जाहिरात न करता नुसतं आभार मानून नाव लावलं तर ती देणगीच राहते, असं जीएसटीच्या ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात म्हटलंय. त्यामुळे "सौजन्य" आणि "प्रायोजक" हे शब्द सैल हाताने वापरू नका.

माझा अनुभव असा, की मार्केटिंगपेक्षा एचआर लवकर ऐकतं. रॉकेटवरचा लोगो किती लोक बघणार? पण दोन वर्षं सर्किट बोर्ड स्वतः बनवणारी, उशिरापर्यंत लॅबमध्ये बसणारी वीस मुलं त्यांना हवी असतात.

पत्र एका पानाचं

आमचं पहिलं माहितीपत्रक चोवीस पानांचं होतं. आत 'प्लॅटिनम', 'गोल्ड', 'सिल्व्हर' असे वर्ग. कुणीच प्लॅटिनम झालं नाही. चाललं ते हे:

"मा. महोदय, आमच्या टीमच्या रॉकेटला उतरताना दोन पॅराशूट लागतात. मोठ्याचं कापड, दोर आणि शिलाई मिळून ३८,००० रुपये खर्च आहे. हा भाग आपल्या मदतीने व्हावा अशी विनंती. १५ डिसेंबरपर्यंत कापड हातात आलं तर जानेवारीत चाचणी घेता येईल आणि तिचा व्हिडिओ आपल्याला पाठवू. रक्कम संस्थेच्या नावाने घ्यायची आहे. पावती आणि ८०जी प्रमाणपत्र मिळेल. गुरुवारी किंवा शनिवारी दहा मिनिटं भेटायला येऊ का?"

एक वस्तू, एक आकडा, एक तारीख. सोबत फोटो एकच, शक्यतो तुटलेल्या जुन्या पॅराशूटचा. मराठी मालकाला मराठीतच लिहा. आम्ही सुरुवातीला इंग्रजीत लिहिलेली पत्रं एका मालकांनी तशीच मुलाकडे सरकवली होती.

पाठवल्यावर चौथ्या दिवशी फोन, दहाव्या दिवशी भेट. तीनदा उत्तर आलं नाही तर नाव शीटमध्ये पिवळं करा आणि पुढच्या वर्षी बघा. भेटीला तिघंच जा. बोलणारा एक, तांत्रिक प्रश्न घेणारा एक, आणि काय ठरलं ते लिहून घेणारा एक. त्याच संध्याकाळी ते ईमेलने पाठवून द्या. आमचा चेक मेला तो या ईमेलअभावी.

स्फोटकांचा प्रश्न येणारच

प्रत्येक कंपनीत एक माणूस विचारतो, "हे कायदेशीर आहे ना?" उत्तर चाचरत दिलंत तर पैसे गेले. रॉकेटचं इंधन हा १८८४ च्या स्फोटक कायद्याच्या कक्षेतला विषय, आणि त्याची देशाची यंत्रणा म्हणजे 'पेसो', मुख्यालय आपल्या नागपुरात. पोटॅशियम नायट्रेट नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला १३-००-४५ म्हणून खताच्या दुकानात मिळतं, म्हणून त्यापासून इंधन करायची परवानगी आपोआप मिळत नाही. मोटर कुणाची, चाचणी कुणाच्या परवान्याखाली, देखरेखीला कोण प्राध्यापक, विमा कसला, हे एका फाईलमध्ये ठेवा आणि मागितल्याबरोबर पुढे करा. अमेरिकेच्या स्पर्धेसाठी मोटर तिथेच घ्यावी लागते, विमानात न्यायचा प्रश्नच नाही. हे ऐकून कायदेवाल्यांचा चेहरा सैल पडतो.

माजी विद्यार्थी आणि परदेशातली मंडळी

प्रवासाच्या ढिगासाठी सगळ्यात भरवशाचा आधार माजी विद्यार्थी. पाच लाख देणारा एक शोधण्यापेक्षा पाच हजार देणारे शंभर शोधा. बॅचनिहाय व्हॉट्सॲप ग्रुप असतात, त्यातल्या एकाला धरा आणि बॅचची चुरस लावून द्या. ८०जीचा मोह फार दाखवू नका: नव्या करप्रणालीत ती वजावट मिळत नाही, आणि दोन हजारांवरची रोख देणगी जुन्या प्रणालीतही चालत नाही.

परदेशातून पैसे येणार असतील तर थांबा आणि एक प्रश्न विचारा: पासपोर्ट कुठला? भारतीय नागरिक असलेल्या माणसाने परदेशातून स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत पाठवले तर ते परकीय देणगीत मोडत नाहीत. तोच माणूस अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर मोडतात, मग तो सदाशिव पेठेत वाढलेला असला तरी. अशा देणगीसाठी संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं ठरावीक खातं लागतं. बऱ्याच संस्थांकडे ते नसतं.

अशांकडून पैशाऐवजी आसरा मागा. डॅलसमध्ये मराठी मंडळी भरपूर आहेत, बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे तिकडच्या मराठी मंडळांच्या संघटनेचं, २०१९ चं अधिवेशन तिथेच झालं. डॅलसपासून मिडलंड पाचशे किलोमीटरहून लांब आहे, पण दोन रात्री कुणाच्या घरी झोपायला, रॉकेट जोडायला आणि वरण-भात खायला मिळाला तर तिकिटाएवढीच मदत होते. गाडी चालवायला पंचविशीपुढचं कुणी सोबत आलं तर आणखी बरं, कारण त्याहून लहान चालकाला तिथले गाडी भाड्याने देणारे जादा आकार लावतात.

प्रवासाचा खर्च डिझाइनमध्येही वाचतो. चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून साधारण १५८ सेंटिमीटरची मर्यादा असते. आमच्या पोरांनी ट्यूबचे सांधे त्या हिशेबाने ठेवले आणि जादा सामानाचं भाडं वाचवलं.

वर्गणी, स्मरणिका वगैरे

क्राउडफंडिंगचे केट्टो, मिलापसारखे मंच लोक वैद्यकीय मदतीसाठी ओळखतात. तिथे आजारी बाळाशेजारी तुमचं रॉकेट दिसतं. मला ते कधीच बरोबर वाटलं नाही, आणि पैसेही फारसे आले नाहीत. त्यापेक्षा स्मरणिका काढा. गणेश मंडळांचा हा जुना खात्रीचा मार्ग आहे. पाव पान जाहिरात दोन हजार, मागचं कव्हर पंचवीस हजार. कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला, मेसवाल्या काकू, कोचिंग क्लास, सगळे देतात. एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) 'स्पायसेस' योजना विद्यार्थ्यांच्या क्लबसाठी आहे; ती सध्या सुरू आहे का हे विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना विचारा.

परत आल्यावर

रॉकेट उडो न उडो, परतल्यापासून तीन आठवड्यांत सगळ्यांना जमाखर्च पाठवा. मंडळाच्या अहवालात असतो तसाच: जमा डावीकडे, खर्च उजवीकडे, शिल्लक खाली. आमचं मुख्य पॅराशूट उघडलंच नाही आणि रॉकेट वाळूत घुसलं. आम्ही ते तसंच लिहिलं, कारणासकट, गाठ कुठे अडकली त्याच्या फोटोसकट. एकाही देणाऱ्याने पुढच्या वर्षी तोंड फिरवलं नाही. ज्या वर्षी चांगलं उडालं आणि अहवाल पाठवायचा राहिला, त्या वर्षी चार जण गळाले.

भोसरीच्या काकांना आम्ही त्यांच्याच मशीनवर झालेली, वाकलेली फिन (रॉकेटच्या बुडाशी असणारा पंख) नेऊन दिली. ती आता त्यांच्या टेबलावर बिलांवर वजन म्हणून असते.

जाताना पुढच्या खजिनदाराला पासवर्ड आणि शीट देऊन मोकळे होऊ नका. त्याला प्रत्येक जुन्या देणाऱ्याकडे एकदा सोबत घेऊन जा. आणि शीटमध्ये एक रकाना जास्तीचा ठेवा, "फोन कुणाला करायचा": साहेबांचा बोर्डनंबर लागत नाही, स्टोअर्समधल्या मॅडम मात्र दुपारी तीननंतर उचलतात.